ब्रेनरबाईंच्या वडिलांचा डगला

"घरात सासू असताना दुसऱ्याची जुनी वस्तू आणून ठेवू नकोस," असं सुमेधानं मला बजावलं होतं. सुमेधा नागपूरची. हर्नडनला आमच्या बऱ्याच आधी आलेली, त्यामुळे इथलं सगळं तिच्या बाबतीत आधीच घडून गेलेलं असतं. मी म्हटलं, "छे गं, आमच्या आई तशा नाहीत. माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाहीत." त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. नागपूरच्या माणसाच्या "बरं"मध्ये काय काय मावतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

ती वस्तू म्हणजे एक डगला. जर्मन सैनिकाचा, करड्या-हिरव्या लोकरीचा, पहिल्या महायुद्धातला. पहिल्या. कैसरच्या. हिटलरच्या नव्हे. हे मी इथल्या इतक्या माणसांना समजावलंय की आमची तीन वर्षांची चिऊ रंगांची नावं शिकायच्या आधी "नॉट हिटलर, कैसर" म्हणायला शिकली, आणि म्हणाली कुठे, तर लायब्ररीच्या स्टोरी-टाइमला, सगळ्या आया गोल करून बसलेल्या असताना. पुढच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी या भानगडीत पडले कशी, असं विचाराल. इतिहासात एम. ए. केलेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि नोकरीची परवानगी नसलेली बाई शेवटी कशात तरी पडतेच. काहीजणी केकवर गुलाब काढायला शिकतात. मी कुणाच्या तरी अंगणातल्या यार्ड सेलमध्ये गुरुदत्तसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, थंडीचा म्हणून एक जाड जुना कोट उचलला, तो घरी आणून नीट बघितला तर बव्हेरियन सैनिकाचा, म्हणजे जर्मन निघाला. तिथून पुस्तकं आली, भिंग आलं, आणि दोन वर्षांत माझा संग्रह दीड गणवेशाचा झाला. एक पूर्ण डगला आणि एक नुसती बाही. हसू नका. बाही अस्सल होती. मिस्टर प्रुइटनी तसं सांगितलं होतं, आणि मिस्टर प्रुइटनी सांगितलं की आमच्या भागात वाद संपतो. ते सैन्याच्या कपडेखात्यातून रिटायर झालेले. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरतो, तिथे दाराजवळच्या टेबलाशी बसून ते खऱ्याखोट्याचा निवाडा करतात.

खरा डगला ओळखायचा कसा? सोपं आहे. तो घाणेरडा असतो. काखेत पिवळा घाम, कॉलरला मेणचट मळ, बाहीला कसरीची भोकं, आणि आतल्या सुती अस्तरावर शाईचे शिक्के. कुठल्या कोठारातून निघाला, कुठल्या रेजिमेंटला गेला, कुठल्या साली. नाटकासाठी शिवलेला किंवा लबाडीनं शिवलेला डगला स्वच्छ असतो. म्हणजे आपल्या आयांनी आपल्याला जे जन्मभर शिकवलं, त्याच्या बरोब्बर उलटं हे शास्त्र आहे. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

तर ब्रेनरबाई. आमच्या रांगेतल्या शेवटच्या टाउनहाउसमध्ये एकट्या राहतात. सत्तरी उलटलेली, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या, एका कानानं ऐकणाऱ्या. जर्मनीत वर्म्स नावाच्या गावी जन्मल्या आणि लहानपणीच आईबरोबर इकडे आल्या. वडील त्यांनी पाहिले नाहीत. तू तान्ही असताना ते लढाईत गेले, असं आईनं सांगितलेलं. खूण म्हणून एवढा डगला, शेवटच्या सुटीत घरी ठेवून गेलेला. पण ब्रेनरबाईंना क्लीव्हलँडला एक नणंद आहे, हिल्डेगार्ड. ती लग्नापासून दर ख्रिसमसला म्हणते, की लोटे (हे ब्रेनरबाईंचं नाव), तुझा बाप सैन्यात कधी नव्हताच, तो तुझ्या आईला टाकून पळाला, आणि हा डगला नाटकाच्या दुकानातला आहे. आपल्याला वाटतं नणंदा आपल्याकडेच होतात.

"तू शिकलेली आहेस," ब्रेनरबाई मला म्हणाल्या. "खरा असला तर सांग. खोटा असला तरी सांग. हिल्डेगार्डचं ऐकून ऐकून मलाच आता कळेनासं झालंय." डगला हातात देताना त्यांनी तो एकदा नाकाशी धरला, डोळे मिटून, आपण बाळाचं डोकं हुंगतो तसा.

मी घरी आणून बघितला. शिवण चोख, कापड चोख. अस्तर घामानं तपकिरी झालेलं आणि मधोमध तळहाताएवढा काळपट डाग. शिक्का होता, पण अक्षर लागत नव्हतं. प्रुइटसाहेब लावतील, म्हटलं. बाजाराला अजून अवकाश होता. डगला मी पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात अडकवला. पाहुण्यांच्या खोलीत सासूबाई होत्या. श्याऐंशी सालची दिवाळी तोंडावर आलेली.

आता माझी बाजू मांडते. मी निष्काळजी नाही. उलट गुरुदत्तच्या मते मी काळजीचा कारखाना आहे. चिऊनं तो डगला एकदा हुंगला तेव्हा मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन करून जुन्या लष्करी रंगांची चौकशी केली होती. तिकडच्या बाईंनी विचारलं, "मुलीनं गणवेश खाल्ला का?" मी म्हटलं, नाही, नुसता वास घेतला. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही थोडं पाणी प्या." तर इतका विचार करणाऱ्या बाईनं सासूचा विचार केला नाही, याला काय म्हणावं?

मी चिऊला घेऊन कणिक आणायला गेले होते. परत आले तर घरभर रिठ्याचा वास.

"आई, कपाटातला डगला?"

"धुतला."

बस. एक शब्द. जसं काही मी विचारलं होतं, दूध तापवलं का.

"धुतला म्हणजे?"

"धुतला म्हणजे धुतला. मेलेल्या माणसाचं कापड ते, घरात लहान पोर, सण आलेला. आणि घाबरतेस काय अशी? गार पाण्यात, रिठ्यात धुतला. लोकर कळते मला. आतलं अस्तर मात्र बाई, काय काळंकुट्ट! त्याला साताऱ्याहून आणलेली ती कपडे उजळायची पूड घातली. आणि कुणा वेंधळ्यानं मध्येच शाई सांडली होती."

"आई, ती शाई..."

"काढली. लिंबू-मीठ लावून. हात दुखले, पण काढली."

मी जमिनीवर बसले. सासूबाईंना वाटलं मला गहिवरून आलं. "बटणंपण लोंबत होती," त्या प्रेमानं म्हणाल्या. "तुझ्या मशीनवरचा दोरा घेऊन पक्की केली."

डगला मागच्या डेकवर, कठड्याला दोरी बांधून, बाह्या पसरून वाळत होता. आता आमच्या वसाहतीत कपडे बाहेर वाळत घालायला बंदी आहे. कुत्रा चालतो, मोटरबोट चालते, परकर चालत नाही. त्यामुळे असोसिएशनचे अध्यक्ष मिस्टर लंडक्विस्ट दुपारच्या आत हजर. ते मागून डगला बघून, वळसा घालून पुढच्या दाराशी आले, आणि तिथे सासूबाईंनी नुकतंच हळदीकुंकवानं स्वस्तिक पूर्ण केलं होतं. चांगलं परातीएवढं.

मागे जर्मन गणवेश, पुढे स्वस्तिक. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दोहोंची बेरीज होताना मी डोळ्यांनी पाहिली.

संकटाच्या वेळी गुरुदत्त नेहमी भाषण करतो. तो स्वस्तिकाकडे हात करून म्हणाला, "मिस्टर लंडक्विस्ट, धिस इज फाइव्ह थाउजंड इयर्स ओल्ड."

लंडक्विस्टसाहेब अजून डेकच्या दिशेनं बघत होते. "दॅट कोट?"

मी मध्ये पडले. शुभचिन्ह, लक्ष्मी, दिवाळी, मग कैसर, मग ब्रेनरबाई, मग सासू. मी जितकं समजावत होते तितकं ते सगळं मलाच जास्त संशयास्पद वाटायला लागलं. चिऊनं "नॉट हिटलर!" असं मोठ्यांदा सांगून मदत केली. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या हातात चकली ठेवली. त्यांनी ती पिस्तूल तपासावं तशी तपासली, खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि गेले. नोटीस आली ती फक्त वाळत घातलेल्या कपड्याबद्दल.

संध्याकाळपर्यंत महाराष्ट्र मंडळात बातमी पोचली. चंद्रशेखरकाकांचा फोन आला. काका मंडळाचे माजी अध्यक्ष आणि आजी सल्लागार. "वहिनी, रांगोळीत कमळ काढायचं हो. कमळाला कुणाची हरकत नसते. आणि त्या जर्मनाला आत घ्या." सुमेधाचाही आला. डगल्याचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. म्हणाली, "चिवडा कसा झालाय हे विचारायला केला होता फोन." यापेक्षा तिनं तोंडावर म्हटलं असतं तर परवडलं असतं.

बाजाराच्या दिवशी मी डगला घेऊन निघाले ते नवस बोलून. प्रुइटसाहेबांनी तो उचलला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, याला बाथरूमचा वास का येतोय?" मग त्यांनी एक जांभळा दिवा काढला. या दिव्याखाली जुनं सूत मंद दिसतं, आणि हल्लीच्या पावडरी, हल्लीचे दोरे निळेपांढरे चमकतात. टेबलावरच्या कापडाखाली डोकं घालून त्यांनी दिवा लावला. मीही डोकं घातलं. अस्तर ट्यूबलाइटसारखं पेटलं होतं. बटणांच्या दोऱ्यांनी तर फुलबाज्याच लावल्या होत्या.

"युद्धानंतरचा," ते डोकं बाहेर काढत म्हणाले. "थिएटरचा असेल. सॉरी."

"माझ्या सासूबाईंनी धुतला हो तो! ही त्यांची पूड आहे!"

"मॅडम," ते अगदी मायेनं म्हणाले, "या टेबलावर येणारा प्रत्येक खोटा डगला कुणाच्या तरी आजीनं धुतलेला असतो."

रांगेतले दोघे हसले. त्यातला एक तर गेल्या महिन्यात आपल्या तलवारीवरचा "मेड इन" खरवडताना सापडलेला. आणि तो मला हसला!

त्यानंतर मी ब्रेनरबाईंना चुकवायला लागले. स्ट्रोलर घेऊन मागच्या गल्लीनं जायचं, टपाल अंधार पडता पडता आणायचं. त्या खिडकीत उभ्या दिसायच्या. हात करायच्या. मी असा हात हलवायची, जणू फार घाईत आहे. मला कसली घाई?

"खरं काय ते सांगून टाक त्यांना," गुरुदत्त म्हणाला.

"कुठलं खरं? वडील खोटे निघाले हे, की तुझ्या आईनं ते पुसले हे?"

बोलून गेले आणि बघते तो सासूबाई दारात. हातात चिऊचं दूध. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"माझ्यामुळे त्या बाईचा बाप खोटा ठरला?"

गुरुदत्त वाटी उचलून चिऊकडे घेऊन गेला.

"आता तो दिवेवाला कधी बसतो? मला ने तिकडे."

मी म्हटलं, आई, तुम्ही जाऊन काय करणार? त्या म्हणाल्या, "धुणार."

कल्पना खरं तर तिथून माझी. निदान अर्धी. ज्या बाहीला प्रुइटसाहेबांनी स्वतःच्या तोंडानं अस्सल म्हटलं होतं, ती माझी लाडकी बाही मी पिशवीत घातली. खोटं कशाला सांगू, दोनदा परत बाहेर काढली. पुढच्या बाजाराला आमची वरात निघाली. सासूबाई पाचवारी, स्वेटर, मफलर आणि गुरुदत्तच्या टेनिसच्या बुटांत. मी डगला घेऊन. चिऊ पुडीचा डबा घेऊन, कारण दुसऱ्या कुणाला ती तो घेऊ देईना.

"मिस्टर प्रुइट, ही बाही तुम्ही खरी म्हणालात. आधी दिवा लावून बघा." त्यांनी बघितली. मंद. मग फायर स्टेशनच्या स्वयंपाकघरात, सिंकशी पदर खोचून, सासूबाईंनी बाहीच्या अस्तराचा अर्धाच भाग पुडीत भिजवून चोळला. भोवती दाढीवाले, जाकीटवाले, बिल्लेवाले संग्राहक. त्यातल्या एकानं विचारलं, ही बाई कुठल्या म्युझियमची? मी म्हटलं, सातारा. बाही बाथरूममधल्या हात वाळवायच्या मशीनखाली धरून वाळवली. ते मशीन दर थोड्या वेळानं बंद पडतं, आणि दरवेळी सासूबाई त्याला एक चापट मारायच्या.

दिवा. अर्धी बाही मंद, अर्धी ट्यूबलाइट.

प्रुइटसाहेबांनी दिवा बाहीवरून पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, "ओके. म्हणजे खोटा आहे असं म्हणता येणार नाही. पण खरा आहे असंही नाही. शिक्का होता म्हणता, तो आता नाही. मी काय वाचू?"

मला रडूच यायला लागलं. सासूबाईंनी विचारलं काय म्हणतोय. मी सांगितलं. "मग एकदा नीट अंधारात बघ म्हणावं," त्या म्हणाल्या. "फडक्याखाली डोकं घालून कुणाला दिसलंय?"

हॉलमध्ये अंधाराची जागा एकच, झाडू-बादल्या ठेवायची कोठी. तीत प्रुइटसाहेब, सासूबाई, मी, माझ्या कडेवर चिऊ आणि डगला. दार लावून घेतलं. कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत होतं, बहुतेक फरशी पुसायच्या काठीचं. "मम्मी, इट्स स्केरी," चिऊ म्हणाली. मला वेगळं काही वाटत नव्हतं.

दिवा लागला. अस्तर सगळं निळंपांढरं पेटलं, आणि त्याच्या मधोमध, जिथे उजेडात काहीसुद्धा दिसत नव्हतं तिथे, काळी अक्षरं उभी राहिली. वरची शाई गेली होती, पण सुतात मुरलेली तेवढी उरली होती, आणि जिथे शाई मुरलेली तिथे पूड चमकत नव्हती. इतकी वर्षं तपकिरी घामात जे कुणाला लागलं नव्हतं, ते आता पाटीवर लिहिल्यासारखं.

"एक, एक, आठ," सासूबाईंनी वाचलं. "आणि खाली एकोणीसशे चौदा. आकडे काय, सगळीकडे सारखेच."

अंधारात प्रुइटसाहेबांचा आवाज बदललेला ऐकू आला. "वन-एटीन. ही रेजिमेंट वर्म्सची." त्यांनी टोपी काढली असावी, कारण ती माझ्या नाकाला लागली. "आणि कोठाराचा शिक्का नाटकाच्या कपड्यांवर मारत नाहीत, मॅडम. हा माणूस होता."

कोठीतून बाहेर येताच सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? घासलं म्हणून दिसलं." तेव्हापासून ही गोष्ट साताऱ्यात अशीच सांगितली जाते, की सूनबाईला काही केल्या वाचता येईना, शेवटी मी घासून दिलं. मी आता दुरुस्त करत नाही.

त्याच दिवशी आम्ही ब्रेनरबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं, धुण्यापासून. त्यांनी मान हलवत ऐकलं. वन-एटीन म्हटल्यावर खुर्चीचा हात घट्ट धरला. मग डगला मांडीवर घेतला आणि नेहमीसारखा नाकाशी धरला.

"सोप," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या आईच्या ट्रंकेचा, कापराचा, आणखी कुणाचा, तो जो काय वास त्यांनी जन्मभर जपला होता, तो आम्ही रिठ्यात बुडवला होता.

"काय म्हणतात त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"थँक यू म्हणतात," मी म्हटलं. ब्रेनरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, आणि खरोखरच म्हणाल्या, "थँक यू." मग उठून त्यांनी फोन फिरवला. "हिल्डेगार्ड? वन-एटीन," एवढं म्हणून खाली ठेवला. अर्ध्या मिनिटात तो परत खणाणला, पण त्यांनी घेतला नाही. आम्हाला कॉफी केली.

उन्हाळ्यात सासूबाई भारतात परतल्या आणि आमची बदली इकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला झाली. ब्रेनरबाईंशी रविवारी फोनवर बोलणं होतं. डगला त्या परत ट्रंकेत ठेवत नाहीत. "वास तर गेलाच, मग आता घालायला काय हरकत आहे?" असं म्हणून सरळ अंगात घालतात. टपाल आणायला, कचरा टाकायला, पायऱ्यांवर बर्फ असतानासुद्धा. वर छत्री नाही, पायात चपट्या सपाता. मी किती सांगितलं!

आणि आता दोन रविवार झाले, फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. आमच्या जुन्या घरात आलेल्यांना त्या कोण हेच माहीत नाही. सुमेधा नेमकी नागपूरला गेलीय, भाचीच्या लग्नाला. लंडक्विस्टसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तिच्याविरुद्ध काही तक्रार आलेली नाही." गुरुदत्त म्हणतो, कुठेतरी गेल्या असतील. कुठे जातील? क्लीव्हलँडला?

तर तुमच्यापैकी कुणी हर्नडनच्या आसपास राहत असेल, रेस्टनला, स्टर्लिंगला असलात तरी, एवढं करा. आमच्या रांगेतलं शेवटचं घर, दाराला हिरवा रंग. बेल बिघडलेली आहे, दार ठोका, जोरात, त्यांना डाव्या कानानं ऐकू येतं. सैनिकाच्या डगल्यात एक लहानखुरी बाई दार उघडेल. दचकू नका आणि कैसर की हिटलर हेही विचारू नका. जेवल्या का बघा. पायऱ्यांवर बर्फ वितळायला मीठ टाका. मग मला कलेक्ट कॉल करा, पैसे मी भरीन, कितीही वाजता, मी फोनपाशीच आहे. आणि दार लगेच उघडलं नाही तर तसेच परत फिरू नका. त्यांना जिना उतरायला वेळ लागतो.